चकवा लागलेली स्टेज

‘‘ही तर आपण मघाशीच मारली बे!’’

१९९७ ची भाऊबीज. आदिलाबादच्या आमच्या घरात, पुढच्या खोलीत, माझ्या आतेभावाने असं म्हणून रिमोट सतरंजीवर ठेवून दिला. टीव्हीवर मारिओ उंच झाडांच्या शेंड्यांवर उभा होता. वर ‘वर्ल्ड ५-३’ असं स्पष्ट लिहिलेलं होतं. मी म्हटलं, आकडा वाच, मघाची ती १-३ होती, ही पाचव्यातली तिसरी. तो म्हणाला, आकड्याचं काय घेऊन बसलास, झाडं बघ. झाडं तीच आहेत.

तो किनवटचा. आत्याचं सासर तिथलं. १९५६ ची राज्यपुनर्रचना होईपर्यंत किनवट आदिलाबाद जिल्ह्यातच होतं. मग ते नांदेडात गेलं आणि आम्ही आंध्रात राहिलो. आजोबा शेवटपर्यंत किनवटला ‘आपल्या जिल्ह्यातलं’ म्हणत. आमच्या गल्लीत पोरं मराठी, तेलुगू, दखनी उर्दू अशी सगळी एका वाक्यात वापरायची. आतेभाऊ मात्र आमच्या लेखी बाहेरचा. मारिओच्या बाबतीत तर अगदीच अडाणी, कारण त्याला ‘पाइप’ माहीत नव्हता.

हा पाइप म्हणजे १-२ मधली चोरवाट. जमिनीखालच्या त्या स्टेजमध्ये शेवटी छतावर चढून पुढे चालत गेलं की तीन नळ लागतात; ते थेट दुसऱ्या, तिसऱ्या किंवा चौथ्या वर्ल्डला नेतात. ४-२ मध्ये असाच आणखी एक गुप्त रस्ता आहे, तो आठव्यापर्यंत पोचवतो. गल्लीतल्या पोरांना हे तोंडपाठ. १-१, १-२, मग ४-१, ४-२ आणि तिथून सरळ आठव्यात. बत्तीस स्टेजपैकी आठच खेळून राजकुमारी सुटायची. १-३ पाहायची आम्हाला गरजच पडत नसे. आतेभावाला चोरवाट माहीत नव्हती म्हणून तो बिचारा सरळ रस्त्याने गेला, १-३ मध्ये तीनदा पडला, आणि म्हणून ती झाडं त्याच्या डोक्यात बसली. आम्ही खेळात वस्ताद होतो, पण खेळ पाहिला होता त्यानेच.

मग आम्ही ५-३ ला पोचलो कसे? ती सगळी कॅसेटची करामत.

आम्ही ज्याला ‘टीव्ही गेम’ म्हणायचो ते खोकं बाबांनी नागपूरहून, सीताबर्डीवरून आणलं होतं. जपानमध्ये निन्टेंडोने जुलै १९८३ मध्ये फॅमिकॉम नावाचं यंत्र विकायला काढलं, त्याची ही नक्कल. निन्टेंडो हे नाव आमच्यापर्यंत आलंच नव्हतं. इथे कुणाकडे समुराई असे, कुणाकडे मीडिया, कुणाकडे लिटल मास्टर. आत चालायचं ते एकच. खेळाच्या वडीला सगळे कॅसेट म्हणत, आणि चालली नाही की तिच्या तोंडात फुंकर मारत. आमच्या कॅसेटवर ‘९९९९९९ इन १’ असं छापलेलं होतं. सुट्टीत आम्ही शंभर पानी वही घेऊन यादी उतरवायला बसलो. पहिली दोन पानं उत्साहात गेली. नंतर लक्षात आलं की मारिओ पुन्हा आला, टँक पुन्हा आला, सर्कस पुन्हा आली. वेगवेगळ्या नावांनी, वेगवेगळ्या क्रमांकावर. कुठे मारिओ थेट तिसऱ्या वर्ल्डपासून सुरू व्हायचा, कुठे पाचव्या, कुठे सातव्या. खरे वेगळे खेळ मोजले तर तीसही भरले नाहीत.

ही शुद्ध फसवणूक होती, आणि तेव्हा आम्हाला तिचा राग आला होता. यादीतला क्रमांक आतल्या खेळाला फक्त एवढंच सांगायचा की अमुक वर्ल्डपासून सुरू कर. कॅसेट उघडून पाहिली तर हिरव्या पट्टीवर काळ्या डांबरासारखा एक गोल थेंब, बस. नऊ लाख नव्व्याण्णव हजार खेळ त्या थेंबात मावतील यावर आमचाही विश्वास नव्हता, पण छापलेल्या आकड्याला मान द्यायची सवय असते. मात्र त्या खोटारड्या यादीमुळेच आम्ही चोरवाट सोडून थेट पाचव्या वर्ल्डमध्ये उतरलो आणि आतेभावाला आपली झाडं पुन्हा दिसली. एका फसवणुकीने दुसरी उघडी पाडली, असं तेव्हा वाटलं. दुसरी फसवणूक नव्हती, हे कळायला बरीच वर्षं गेली.

आतेभावाचं बरोबर होतं. ‘सुपर मारिओ ब्रदर्स’ १९८५ च्या सप्टेंबरात जपानमध्ये आला. शिगेरू मियामोतो आणि ताकाशी तेझुका यांनी तो रचला. त्यातल्या बत्तीस स्टेजपैकी पाच स्टेज दुसऱ्यांदा वापरलेल्या आहेत. १-३ परत येते ५-३ म्हणून. १-४ चा किल्ला ६-४ ला भेटतो. २-२ चं पाणी ७-२ मध्ये, २-३ चा पूल ७-३ मध्ये आणि २-४ चा किल्ला ५-४ मध्ये. जमीन तीच, खड्डे तेच, विटा त्याच.

कारण सांगायला सोपं आहे: जागा नव्हती. अख्खा खेळ चाळीस किलोबाइटचा. त्यात बत्तीस खेळाची आज्ञावली आणि नकाशे, उरलेल्या आठात सगळी चित्रं. आज मोबाइलवर काढलेला एखादा बरा फोटो याच्या पन्नासपट जागा सहज घेतो. आणखी जवळचं उदाहरण द्यायचं तर हाच लेख घ्या. संगणकात देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला, काना, मात्रा, अनुस्वारासकट, तीन बाइट लागतात. म्हणजे मी इथे आतेभावाची गोष्ट सांगण्यात जेवढी जागा खातो आहे, साधारण तेवढ्यात त्यांनी आठ राज्यं, आकाश, पाताळ, समुद्र आणि राजकुमारी बसवली.

काटकसर पहिल्याच पडद्यावर दिसते, पण दाखवून दिल्याशिवाय दिसत नाही. आकाशातला ढग आणि जमिनीवरचं झुडूप हे एकच चित्र आहे. रंग बदललाय, आणि झुडपाचा खालचा भाग जमिनीआड गेलाय. आमच्या जुन्या आदिलाबाद जिल्ह्यात वोज कारागीर डोकरा पद्धतीने पितळी मूर्ती ओततात. त्या कामाला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळालं. तिथे मेणाची मूर्ती, तिच्यावर मातीचा लेप, मेण वितळून जातं, धातू ओततात, आणि शेवटी साचा फोडतात. दुसऱ्या मूर्तीसाठी पुन्हा पहिल्यापासून. मारिओवाल्यांना साचा फोडणं परवडणारं नव्हतं. त्यांनी तो फक्त रंगवला.

स्टेज साठवायची पद्धतही अशीच. नकाशा चित्र म्हणून ठेवलेला नाही, यादी म्हणून ठेवलाय: इथे नळ, इथे तीन विटा, इथे खड्डा. शत्रूंची यादी वेगळी. पुढे हौशी मंडळींनी ही सगळी आज्ञावली ओळीओळीने उलगडली, तेव्हा त्यातली मला सगळ्यात आवडलेली गोष्ट कळली. शत्रूंच्या यादीत काही नोंदींवर एक खूण असते: हा फक्त अवघड फेरीत. आणि अवघड फेरी सुरू होते ती बरोबर ५-३ पासून. म्हणजे १-३ खेळताना पुढच्या वेळेचे शत्रू यादीत आधीच बसलेले असतात. त्यांचा नंबर आलेला नसतो, म्हणून गप्प. ५-३ ला आपण पोचतो, खूण जागी होते, आणि त्याच झाडांमधून उजवीकडून तोफेचे गोळे यायला लागतात. हलत्या फळ्या आखूड होतात. ७-२ च्या पाण्यात पांढरे ऑक्टोपस वाढतात. ६-४ च्या किल्ल्यात फिरणाऱ्या आगीच्या काठ्या वाढतात.

दुसऱ्या भेटीची खरी गंमत इथेच आहे. तोफेचे गोळे नव्या नकाशात आले असते तर नुसते अवघड वाटले असते. ते ओळखीच्या झाडांवर आले म्हणून अंगावर येतात. आपल्या पायांना उडी आठवत असते, कुठे थांबायचं ते ठाऊक असतं, आणि नेमकं तिथेच थांबता येत नाही. पाचवी झाल्यावर त्याच शाळेत, त्याच वर्गात सहावीला बसवलं आणि बाक अर्धे केले, असं काहीसं. आतेभाऊ ५-३ मध्ये पडला तो नवख्यासारखा नाही, सवयीने पडला.

आता बॉस. किल्ल्याच्या शेवटी पुलावर उभा असलेला, आग ओकणारा तो प्राणी. आम्ही त्याला ड्रॅगन म्हणायचो, त्याचं नाव बाउझर हे नंतर कळलं. आठ वर्ल्ड, आठ किल्ले आणि प्रत्येक वेळी हाच. पूल तोच, पलीकडची कुऱ्हाडही तीच. सहाव्यापासून तो हातोडे फेकायला लागतो आणि शेवटी हातोडे व आग दोन्ही, एवढाच फरक. एकच बॉस आठ वेळा वापरल्याबद्दल मियामोतो यांना कंजूस म्हणता आलं असतं. पण त्यांनी तिथे एक गोष्ट पेरून ठेवली आहे. पहिले सातही बाउझर तोतये आहेत. पानिपतानंतर भाऊसाहेबांचा तोतया उभा राहिला, तशातले. हे कळतं मात्र एकाच अटीवर: फुलाची शक्ती किल्ल्याच्या शेवटापर्यंत जपली आणि पुलावरून चालत न जाता त्याला आगीच्या गोळ्यांनी मारलं तर. मग तो पडताना खरं रूप घेतो. पहिल्या किल्ल्यातला निघतो साधा तपकिरी गुंबा, ज्याला आपण १-१ मध्ये पायाखाली चिरडतो. दुसऱ्यातला कासव. पुढे काळं टणक कासव, काटेरी, मग ढगात बसून काटे फेकणारा, ऑक्टोपस, आणि सातव्यात हातोडेवाला. बहुतेक पोरं जीव मुठीत धरून कुऱ्हाडीला हात लावायची. पूल कोसळायचा आणि तोतया तोतयेपण घेऊनच लाव्हात जायचा. मी स्वतः पहिला तोतया उघडा पाडला तो कॉलेजात असताना, संगणकावर.

त्याच कॅसेटमध्ये गवताचा लुंगीवजा झगा घातलेला, टोपीवाला एक हिरो होता. कुऱ्हाडी फेकायचा, फळं खायचा, फळं नाही मिळाली की मरायचा. हडसन कंपनीचा १९८६ चा ‘अ‍ॅडव्हेंचर आयलंड’. त्याच्या आठ विभागांच्या शेवटी एकच बॉस: धड तेच, दर वेळी डोकं नवीन. मारलं की जुनं डोकं जातं, नवं बसवून तो पुढच्या विभागात पळतो. रावणाला दहा डोकी एकदम असतात. याला आठ पाळीपाळीने. पण खरी मौज वेगळीच. हा खेळ मुळात ‘वंडर बॉय’ होता, एस्केप नावाच्या छोट्या कंपनीने सेगासाठी केलेला. वंडर बॉयचं नाव आणि नायक सेगाकडे, बाकी खेळाचे हक्क एस्केपकडे. मग हडसनने सगळा खेळ घेतला, नायक तेवढा बदलला आणि तिथे आपल्याच कंपनीतला माणूस बसवला: ताकाहाशी, जो एका सेकंदात सोळा वेळा बटण दाबण्यासाठी जपानभर प्रसिद्ध होता. इथे डोकं बदललं ते नुसतं बॉसचं नाही.

निन्टेंडोनेही हेच केलं. १९८७ मध्ये जपानी फुजी टीव्हीच्या एका महोत्सवासाठी त्यांनी वेगळाच खेळ काढला होता. दुसऱ्या वर्षी त्यातले चेहरे पुसून मारिओ मंडळी बसवली आणि अमेरिकेत ‘सुपर मारिओ ब्रदर्स २’ म्हणून विकला. त्यात तोंडातून अंडी फेकणारा एक गुलाबी प्राणी जवळपास प्रत्येक स्टेजच्या शेवटी उभा असतो. पाचव्या-सहाव्या वेळेला त्याला पाहून भीती वाटत नाही, सोसायटीच्या वॉचमनसारखी ओळख होते.

हे सगळं आलं कुठून, तर नाण्यांच्या यंत्रांमधून. तिथे खेळ संपवणं कुणालाच नको असतं. गिऱ्हाइकाने नाणं टाकत राहायचं असतं. १९८१ च्या ‘डाँकी काँग’मध्ये चार पडदे, ते संपले की पुन्हा तेच, जरा वेगाने. घरच्या फॅमिकॉमवर तो आला तेव्हा चारातला एक गाळून तीनच उरले. आमच्या ‘टँक’मध्ये, म्हणजे नामकोच्या ‘बॅटल सिटी’त, पस्तीस स्टेज झाल्या की परत पहिली यायची. यात शत्रुत्व नाही, गाऱ्हाणं करण्यासारखंही काही नाही. गिरणीचा पट्टा फिरतो तसं ते फिरतं. सगळ्यात निलाजरा मात्र कॅपकॉमचा १९८५ चा ‘घोस्ट्स अँड गॉब्लिन्स’. तोंडाला फेस येईतो खेळून शेवटचा राक्षस मारावा, तर खेळ सांगतो की हा सगळा सैतानाचा भास होता, आता पहिल्यापासून परत या. खरा शेवट दुसऱ्या फेरीलाच. काही जण याला कलात्मक धाडस म्हणतात. मला तो पावती हरवली म्हणून दुसऱ्यांदा पैसे मागणारा दुकानदार वाटतो. ‘मेगा मॅन’मध्ये शेवटच्या किल्ल्यात आधी मारलेले सगळे बॉस पुन्हा ओळीने समोर येतात, ते मात्र मला पटतं. तिथे आपल्या हातात एव्हाना त्यांचीच हिसकावलेली हत्यारं असतात. ज्याने रडवलं त्याला दोन फटक्यांत लोळवता येतं. माणूस बदललाय हे दाखवायला जुनाच शत्रू लागतो.

मारिओमध्येही पुनरावृत्तीचा एक भीतीदायक प्रकार आहे. ४-४, ७-४ आणि ८-४ हे किल्ले म्हणजे चक्क चकवा. वरचा रस्ता की खालचा, किंवा कुठला नळ, हे चुकलं की भिंत नाही, खड्डा नाही, मृत्यू नाही. तेच दालन पुन्हा सुरू होतं. आणि पुन्हा. आमच्याकडे सागाच्या जंगलातून रात्री येणाऱ्यांना चकवा लागल्याच्या गोष्टी घरोघरी आहेत: माणूस रात्रभर चालतो आणि पहाटे त्याच झाडाखाली असतो. त्यावर उपाय म्हणजे चालणं थांबवून बसून राहायचं. किल्ल्यात बसून राहिलं तर घड्याळ संपून मारिओ मरतो, म्हणून आमच्यातला एकजण पुठ्ठ्यावर ‘वर, खाली, वर’ असं लिहून ठेवायचा. त्याहून जबर चकवा १-२ च्या शेवटी आहे. तिथल्या भिंतीतून विशिष्ट तऱ्हेने आत घुसता येतं, आणि नळात उतरलं की वर्ल्डच्या जागी काहीच नाही, फक्त ‘-१’. प्रत्यक्षात तो छत्तिसावा वर्ल्ड. छत्तीस या आकड्याच्या जागी चित्रांच्या साठ्यात कोरी चौकट आहे म्हणून रिकामं दिसतं. आत असतं तेच २-२ चं पाणी, तिसऱ्यांदा. शेवटचा नळ परत सुरुवातीला सोडतो. यातून बाहेर पडायला वाट नाही. हे कुणी मुद्दाम केलेलं नाही. यादी चुकीच्या जागी वाचली गेली आणि काटकसरीने ठेवलेलं पाणी अनंत झालं.

आमचा स्वतःचा चकवा मात्र वीज मंडळाच्या तारांतून यायचा. या खेळात कुठवर पोचलो ते जपून ठेवायची सोय नव्हती. ८-२ ला असताना लाइट गेली की सगळं पहिल्या स्टेजवर. मी १-१ जितक्या वेळा खेळलोय तितक्या वेळा घरापासून शाळेपर्यंत गेलो नसेन. (डाव संपल्यावर ए दाबून धरून स्टार्ट केलं की त्याच वर्ल्डच्या सुरुवातीपासून खेळता येतं, ही युक्ती त्या खेळात पहिल्यापासून होती. आमच्या गल्लीत ती पोचली नाही. लाइटीपुढे ती तशीही चालली नसती.)

त्या दुपारीही लाइट गेलीच. ५-३ चा वाद अर्धवट राहिला आणि आम्ही बाहेर आलो, कारण ढोल वाजत होते. दिवाळीच्या दिवसांत आमच्या जिल्ह्यात गोंड गावांची दंडारी निघते; मोरपिसांचा मोठा टोप घातलेले, अंगाला राख फासलेले गुस्साडी नाचत एका गावाहून दुसऱ्या गावाला जातात. मार्लवाईच्या कनक राजूंना याच नाचासाठी २०२१ मध्ये पद्मश्री मिळाली. नाच दर वर्षी तोच, दर गावात तोच. अंगण तेवढं वेगळं. हे मारिओच्या अगदी उलट आहे, तिथे अंगण तेच असतं. अर्थात तेव्हा मी असला विचार करत नव्हतो. आतेभावाने काय केलं ते मात्र आठवतं. तो एका गुस्साडीकडे बोट दाखवून म्हणाला, ‘‘हा पण मागच्या वर्षीचाच आहे.’’ आत्याने त्याच्या पाठीत धपाटा घातला.

संध्याकाळी लाइट आल्यावर वाद शास्त्रोक्त पद्धतीने मिटवायचं ठरलं. गणिताचे आलेख-कागद घरात होते. मारिओच्या स्टेज मुळात अशाच चौकटीच्या कागदांवर आखल्या गेल्या होत्या, हे आम्हाला कुठून माहीत असणार. तो टीव्हीला नाक लावून विटा मोजायचा, मी पेन्सिलने चौकटी भरायचो, आणि रिमोट धाकट्या बहिणीकडे, कारण खेळ मध्येच थांबवून धरण्याचं काम तिच्याकडे होतं. १-३ ला चार कागद चिकटवावे लागले. ५-३ ला चार. रात्रीचे दहा वाजले. सकाळी दोन्ही लांबोळके खिडकीच्या काचेला लावले, एकावर एक. झाडं झाडांवर बसली. फक्त फळ्या आखूड होत्या, आणि मी नाइलाजाने त्याला उरलेले दोन अनारसे दिले.

तो ते कागद गुंडाळून किनवटला घेऊन गेला. उन्हाळ्यात आला तेव्हा दप्तरात आणखी दोन गुंडाळ्या होत्या: तिथल्या कुणा मित्राकडे बसून त्याने एकट्याने २-२ आणि ७-२ उतरवली होती. आल्या आल्या पाणीही न पिता तो खिडकीपाशी गेला. लाइट नव्हती, पण त्या कामाला ती लागत नव्हती. कागद जुळले. ७-२ वर जास्तीचे ऑक्टोपस त्याने लाल पेनने काढले होते आणि त्यांतल्या एकाखाली बारीक अक्षरात माझं नाव लिहिलं होतं.